सिनेमा संपला तिथून रिंकू सिंगची खरी नोकरी सुरू झाली: बेसबॉलमधला रिलीफ पिचर नेमकं करतो काय?

गारखेड्यात विभागीय क्रीडा संकुलाच्या बाजूने संध्याकाळी चक्कर मारा. टेनिस बॉलची मॅच चालू असेल, तर एक भांडण हमखास ऐकू येतं. शेवटची ओव्हर कोण टाकणार? ज्याने आधी मार खाल्लाय तो बॉल हातात घ्यायला तयार नसतो. ज्याचा हात ताजा आहे त्याच्यावर कॅप्टनचा भरवसा नसतो. आणि समोरच्यांना हवे असतात फक्त आठ रन.

आता समजा, टीमने एक पोरगा फक्त या शेवटच्या ओव्हरसाठीच ठेवलाय. त्याला बॅटिंग नाही, फिल्डिंग नाही. अख्खी मॅच तो बाउंड्रीच्या बाहेर एका कोपऱ्यात बसून असतो. त्याची ओव्हर येईलच असंही नाही. आली तर मॅच फसलेली असतानाच येणार. जिंकलो तर हार बॅट्समनच्या गळ्यात, हरलो तर सगळ्यांची बोटं याच्याकडे.

गल्लीत असा पोरगा कोणी ठेवत नाही. अमेरिकेत मात्र ही रीतसर पगारी नोकरी आहे. तिचं नाव रिलीफ पिचर. आणि अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये ज्याच्या नावावर पहिल्यांदा विजय लागला, तो पहिला भारतीय नागरिक हीच नोकरी करत होता. त्याचं नाव रिंकू सिंग.

थांबा, केकेआरवाला नाही. यश दयालला शेवटच्या ओव्हरमध्ये पाच सिक्स मारणारा रिंकू अलीगढचा. हा रिंकू भदोही जिल्ह्यातला, आणि त्याला तुम्ही बहुतेक दुसऱ्याच नावाने ओळखता. डब्ल्यूडब्ल्यूईवाले कित्येक महिने 'वीर महान येतोय' अशा जाहिराती करत होते, लोक मीम बनवून थकले होते, आणि शेवटी २०२२ च्या एप्रिलमध्ये कपाळाला भस्म लावलेला एक धिप्पाड गडी रॉच्या रिंगणात उतरला. तोच हा.

त्याच्यावरच्या पोस्टखाली एक कमेंट कायम असते. 'बेसबॉलमध्ये फेल गेला म्हणून रेसलर झाला.' ही कमेंट करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी 'मिलियन डॉलर आर्म' हा सिनेमा पाहिलेला असतो, आणि त्याचं बेसबॉल तेवढंच असतं. पण सिनेमा संपतो तो करार होतो तिथे. त्यानंतर काय झालं ते कळायला ही नोकरी काय असते ते आधी बघावं लागेल.

खेळ दोन मिनिटांत

बेसबॉलमध्ये पिचर बॉल टाकतो आणि बॅटर मारतो, इथपर्यंत क्रिकेटसारखंच. फरक असा की बॉलला टप्पा नसतो, सगळे फुलटॉस. हात कोपरातून वाकवून फेकायला पूर्ण मुभा आहे, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'फेकी' म्हणून नो-बॉल मिळतो तेच तिकडे कौशल्य. पिचर आणि बॅटरमधलं अंतर १८.४४ मीटर. आपली खेळपट्टी २०.१२ मीटरची, म्हणजे तिथे बॅटर त्याहूनही जवळ. मेजर लीगमध्ये आज फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी १५० किलोमीटरच्या वर असतो.

सामना नऊ इनिंगचा. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही टीम एकेकदा बॅटिंग करतात आणि तीन आउट झाले की पाळी संपते. सामना सुरू करणारा पिचर तो स्टार्टर. तो पाच-सहा इनिंग टाकतो, मग त्याचा हात थकतो किंवा बॅटर त्याला ओळखायला लागतात. तेव्हा मॅनेजर त्याला काढून दुसऱ्याला आणतो. हा दुसरा, तिसरा, चौथा जो कोणी येतो तो रिलीफ पिचर.

यात एक नियम फार महत्त्वाचा. एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. क्रिकेटमध्ये बुमराला दोन ओव्हर देऊन शेवटासाठी दोन राखून ठेवता येतात. बेसबॉलमध्ये तसं नाही, काढला तो गेला. म्हणून नव्या दमाच्या हातांची अख्खी फळी बाहेर बसवून ठेवावी लागते. आज मेजर लीगच्या टीममध्ये २६ खेळाडू असतात आणि त्यात जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. सर्वसाधारणपणे पाच स्टार्टर आणि उरलेले सात-आठ रिलीव्हर. ते ज्या कुंपणाआडच्या जागेत बसतात तिला बुलपेन म्हणतात.

दुसऱ्याचा राडा, तुमच्या हातात

६ जून २०२४ आठवतोय? टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेने पाकिस्तानला हरवलं ती रात्र. सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेने १८ रन केले आणि ते वाचवायला बॉल दिला सौरभ नेत्रावळकरकडे. मुंबईचा पोरगा, मुंबईकडून रणजी खेळलेला, नंतर शिकायला अमेरिकेत गेलेला आणि तिथे ओरॅकलमध्ये इंजिनिअर असलेला. त्याने पाकिस्तानला १३ वर रोखलं. त्या सहा बॉलमध्ये आपल्याला जे वाटत होतं, ते टाकायला लागणं हा रिलीफ पिचरचा रोजचा दिवस.

फक्त एक फरक. सौरभची ओव्हर कोऱ्या पाटीवर सुरू झाली होती. रिलीव्हरला बऱ्याचदा तसं मिळत नाही.

तो येतो तेव्हा मैदानात आधीच्या पिचरने करून ठेवलेला घोळ उभा असतो. एक रनर दुसऱ्या बेसवर, एक तिसऱ्यावर, आउट फक्त एक. यांना 'वारशात आलेले' रनर म्हणतात. आता गंमत बघा. या रिलीव्हरला पहिल्याच बॉलवर फटका बसला आणि दोघेही घरी पोचले, तर त्या दोन धावा आधीच्या पिचरच्या खात्यात जातात. कारण ती माणसं बेसवर त्याने जाऊ दिली होती. म्हणजे रिलीव्हरने वाट लावली तरी त्याचा आकडा स्वच्छ राहतो. आणि उलटंही होतं. याने घाम गाळून दोघांनाही जागच्या जागी अडकवलं, तरी त्याच्या मुख्य आकड्यात त्या कामाचं काहीच दिसत नाही.

हा मुख्य आकडा म्हणजे ईआरए. पिचरने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेल्या धावांची दर नऊ इनिंगमागची सरासरी. कमी तितका चांगला. तीनच्या आसपास असेल तर माणूस चांगलं काम करतोय असं समजा.

स्टार्टरसाठी ईआरए बराच खरा बोलतो. रिलीव्हरच्या बाबतीत तो अर्धवट सांगतो. म्हणूनच तर १९६० मध्ये शिकागोच्या जेरोम होल्ट्झमन नावाच्या क्रीडा पत्रकाराने 'सेव्ह' हा नवा आकडा काढला. आघाडी थोडी असताना येऊन सामना शेवटपर्यंत सांभाळला की रिलीव्हरच्या नावावर एक सेव्ह. १९६९ मध्ये तो अधिकृत झाला. (पत्रकाराने बसल्या बसल्या काढलेल्या एका आकड्यावर पुढे खेळाडूंचे कोट्यवधी डॉलरचे पगार ठरले. आमच्या धंद्यात एवढी ताकद होती कधी काळी!)

पण सेव्ह मिळतो फक्त शेवटी येणाऱ्याला, म्हणजे क्लोजरला. आधी सहाव्या-सातव्या इनिंगमध्ये येऊन आग विझवणाऱ्याला तो मिळत नाही. आणि सांभाळता नाही आलं तर मात्र 'ब्लोन सेव्ह' अशी नोंद लगेच होते.

शरीराचं गणितही वेगळं आहे. स्टार्टरला दर पाच दिवसांनी काम असतं आणि आपली तारीख माहीत असते. रिलीव्हरला माहीत नसते. बुलपेनमधला फोन वाजतो, तो उठून हात गरम करायला लागतो, वीस-पंचवीस बॉल टाकतो, तोवर आधीचा पिचर सावरतो आणि याला सांगतात, बस खाली. पुढच्या इनिंगला परत फोन. असे दोनदा उठून बसल्यावर तो सामन्यात उतरलाच नाही, तर रेकॉर्डमध्ये त्या दिवशी त्याने काहीच केलेलं नसतं. खांद्याने मात्र मोजलेलं असतं.

रिलीव्हर व्हायचं स्वप्न कोणी बघत नाही

बेसबॉलमध्ये लहानपणी सगळ्यांना स्टार्टर व्हायचं असतं. रिलीव्हर हा बहुतेक वेळा न जमलेला स्टार्टर असतो. कोणाकडे चार तऱ्हेचे बॉल नसतात, दोनच असतात. कोणाचा दम तीन इनिंगनंतर जातो. कोणाचं वय झालेलं असतं. मग टीम सांगते, तू बुलपेनमध्ये जा.

डेनिस एकर्सलीचं तसंच झालं. बारा वर्षं स्टार्टर म्हणून काढल्यावर १९८७ मध्ये तो ओकलंडला आला आणि मॅनेजर टोनी ला रुसाने त्याला शेवटच्या इनिंगसाठी वापरायला सुरुवात केली. १९९२ मध्ये ५१ सेव्ह करून तो लीगचा सर्वोत्तम पिचर आणि सर्वोत्तम खेळाडू, दोन्ही ठरला. तरीही त्याचं नाव काढलं की लोकांना आधी आठवतो १९८८ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना. त्यात दुखऱ्या पायांनी लंगडत आलेल्या कर्क गिब्सनने त्याला होमरन मारून सामना संपवला होता. एवढी मोठी कारकीर्द, आणि लोकांच्या डोक्यात बसलाय तो एक बॉल.

या धंद्याचा सचिन म्हणजे मारियानो रिव्हेरा. पनामातल्या पुएर्तो कैमितो या मासेमारीच्या गावचा, बाप मच्छीमार. १९९५ मध्ये न्यूयॉर्क यांकीजकडून तोही स्टार्टर म्हणूनच आला आणि चालला नाही. १९९६ मध्ये त्याला क्लोजरच्या आधीची इनिंग दिली, १९९७ पासून तो क्लोजर. त्याच वर्षी साध्या सरावात बॉल झेलाझेली करताना त्याचा बॉल शेवटच्या क्षणी आपोआप वळायला लागला. तो वळण काढून टाकायचा प्रयत्न करत होता, ते जाईना, मग त्याने तेच हत्यार केलं. या बॉलला कटर म्हणतात. या एका बॉलच्या जोरावर त्याने सतरा वर्षं काढली आणि ६५२ सेव्हचा विक्रम करून २०१३ मध्ये निवृत्त झाला. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्याला शंभर टक्के मतं पडली. तोवर तसं कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं, अगदी बेब रूथच्याही नाही.

आणि हाच रिव्हेरा २००१ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या सामन्यात एका धावेची आघाडी सांभाळायला आला आणि शेवटच्या इनिंगमध्ये हरला. जगातला सर्वोत्तम माणूससुद्धा या कामात कधीतरी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हरतो. दुसऱ्या दिवशी फोन वाजला की परत उठायचं, हीच नोकरी.

भदोही ते वेस्ट व्हर्जिनिया

आता रिंकूकडे येऊ.

बाप ट्रक ड्रायव्हर, घरात नऊ भावंडं, राहायला एक खोली. पोरगा भाला फेकायचा आणि ज्युनिअर पातळीवर राष्ट्रीय पदक मिळवलेलं. लखनऊच्या गुरू गोविंद सिंग स्पोर्ट्स कॉलेजमध्ये शिकत होता. २००८ मध्ये जे. बी. बर्नस्टाईन या अमेरिकन एजंटने भारतात एक रिॲलिटी शो आणला. क्रिकेटवेड्या देशात जोरात आणि नेमका बॉल फेकणारा हात शोधायचा, असा तो कार्यक्रम. ३७ हजारांहून जास्त पोरं आली. रिंकूने ताशी सुमारे १४० किलोमीटरने बॉल टाकून एक लाख डॉलर जिंकले. तो डावखुरा. त्याच्याबरोबर निवडला गेला दिनेश पटेल, वाराणसीकडचा, त्याच कॉलेजचा, तोही भालाफेकपटू. दोघांनीही आयुष्यात बेसबॉल खेळलेलं नव्हतं.

मे २००८ मध्ये दोघं लॉस एंजेलिसला गेले. तिथे त्यांना शिकवायला होते टॉम हाऊस. हा माणूस स्वतः रिलीफ पिचर होता, आणि त्याचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ८ एप्रिल १९७४ ला हँक आरोनने ७१५ वा होमरन मारून बेब रूथचा विक्रम मोडला. अमेरिकेच्या इतिहासातला हा बहुतेक सगळ्यात प्रसिद्ध फटका. बॉल कुंपणापलीकडे बुलपेनमध्ये गेला आणि तिथे बसलेल्या एका राखीव पिचरने तो झेलला. तो पिचर टॉम हाऊस. इतिहास घडत असताना कोपऱ्यात बसून असणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक, असा गुरू या दोघांना मिळाला.

त्या नोव्हेंबरमध्ये ॲरिझोनात टेम्पी इथे मेजर लीगच्या स्काउटसमोर चाचणी झाली आणि २४ नोव्हेंबर २००८ ला पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. सिनेमा इथे संपतो. टाळ्या, ए. आर. रहमानचं संगीत, पडद्यावर नावं.

पण करार झाला म्हणजे मेजर लीग मिळाली असं नसतं. मेजर लीगच्या खाली मायनर लीगची शिडी असते. सगळ्यात खाली रूकी लीग, मग सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि मग वर. आपल्या क्लब क्रिकेटपासून रणजीपर्यंतच्या वाटेसारखंच, पण इथे वरच्या पायऱ्यांवर शंभर सामन्यांच्या पुढचा हंगाम, बसने रात्रभर प्रवास आणि तुमच्या जागेवर डोळा ठेवून असलेली नवी पोरं.

दोघांनी सुरुवात केली अगदी खालून, फ्लोरिडाच्या गल्फ कोस्ट लीगमधून. ४ जुलै २००९ ला दोघं पहिल्यांदा व्यावसायिक सामन्यात उतरले. १३ जुलैला रिंकूच्या नावावर विजय लागला, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला तोच विक्रम. इथेही रिलीव्हरच्या नोकरीची एक गंमत आहे. टीमने निर्णायक आघाडी घेतली तेव्हा मैदानात ज्याची पाळी असेल, साधारणपणे त्याच्या खात्यात 'विन' जातो. एक इनिंग टाकून विजय मिळू शकतो आणि सात इनिंग टाकून मिळत नाही. पहिला भारतीय विजय असा रिलीफमध्येच आला.

त्या वर्षी रिंकूचा ईआरए ५.८४ होता, ११ सामन्यांत. वाईट. पण बॉल हातात घेऊन दीड वर्षही न झालेल्या माणसाचा हा आकडा आहे, आणि हंगामाच्या शेवटी शेवटी त्याला मारणं अवघड व्हायला लागलं होतं.

२०१० ला तो पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज स्पाइक्समध्ये गेला. त्याच वर्षाच्या शेवटी पायरेट्सने दिनेशला सोडलं आणि तो भारतात परतला. मला वाटतं, रिंकूच्या कारकिर्दीतलं सगळ्यात अवघड वळण हेच असणार. आपली भाषा बोलणारा, आपल्याच कॉलेजचा, एकमेव सोबती गेला आणि हा तिथेच राहिला. २०११ मध्ये त्याने आणखी एक पायरी चढून सिंगल-ए गाठली, चार्ल्सटनच्या वेस्ट व्हर्जिनिया पॉवरकडे. अमेरिकेत थंडी पडली की तो ऑस्ट्रेलियात जाऊन कॅनबेरा कॅव्हलरीकडून खेळला. हात चालू ठेवायचा म्हणून.

मग आलं २०१२. वेस्ट व्हर्जिनियाकडून ३९ सामने, ७२ इनिंग, ६५ स्ट्राइकआउट, तीन विजय, एक पराभव, ईआरए ३.००.

वर ईआरएबद्दल लिहिलं होतं ते आठवा. तीनच्या आसपास म्हणजे चांगलं काम. एका हंगामात ३९ वेळा फोन वाजला, ३९ वेळा तो उठून कोणाचा तरी सामना सांभाळायला गेला. आधीचा पिचर बहुतेक वेळा शाळेच्या आधीपासून बेसबॉल खेळलेला, समोरचा बॅटरही तसाच. रिंकूला हा खेळ शिकून चार वर्षं झाली होती. याला फेल म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग पास म्हणजे काय तेही सांगा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. सिंगल-ए म्हणजे मेजर लीग नाही. तिथून वर अजून कितीतरी टप्पे असतात आणि तिथे चांगलं खेळलेले बहुतेक जण वर पोचत नाहीत. तेव्हा रिंकूचं वय २४ होतं आणि त्या पातळीवर ते थोडं जास्तच मानतात. तो मेजर लीगला पोचलाच असता असं मी म्हणत नाही. पण त्याची नोकरी थांबली ती कोपरामुळे, कोणी त्याला झोडपलं म्हणून नाही.

कोपर नावाची एक्स्पायरी डेट

२०१३ मध्ये रिंकूच्या कोपरावर 'टॉमी जॉन' शस्त्रक्रिया झाली.

कोपराच्या आतल्या बाजूला, वरचं हाड आणि खालचं हाड बांधून ठेवणारा एक छोटा अस्थिबंध असतो. बॉल ताशी १४०-१५० किलोमीटरने फेकताना हात मागून पुढे येतो, त्या क्षणी सगळा ताण याच्यावर येतो. दरवेळी तो थोडा थोडा झिजतो आणि एक दिवस फाटतो. पूर्वी असं झालं की पिचरची कारकीर्द तिथेच संपायची. २५ सप्टेंबर १९७४ ला डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिस डॉजर्सच्या टॉमी जॉन या पिचरच्या दुसऱ्या हातातली शीर, म्हणजे स्नायूचा दोर, काढून फाटलेल्या कोपरात बसवला. हाडाला भोकं पाडून त्यातून तो आठच्या आकड्यासारखा ओवला. हे चालेल अशी फारशी खात्री कुणालाच नव्हती. टॉमी जॉन परत आला आणि त्यानंतर त्याने १६४ सामने जिंकले. शस्त्रक्रियेला डॉक्टरऐवजी पेशंटचं नाव पडलं ते यामुळे.

भालाफेकीतही कोपराला असाच मार बसतो. नीरज चोप्राच्या उजव्या कोपरावर २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी शस्त्रक्रिया केली होती. दुखणं वेगळं होतं, पण कारण तेच, जोरात फेकणं. नीरज दोन वर्षांत ऑलिंपिकचं सोनं घेऊन आला. रिंकूचं तसं झालं नाही. टॉमी जॉननंतर सर्वसाधारणपणे वर्ष-दीड वर्ष परतायला लागतं. त्याचे २०१३, २०१४ आणि २०१५ असे तीन हंगाम एकही सामना न खेळता गेले. २०१२ चा तो हंगामच शेवटचा ठरला.

जानेवारी २०१८ मध्ये त्याने डब्ल्यूडब्ल्यूईशी करार केला. तिथूनही २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याला सोडण्यात आलं.

पैसा किती?

हा प्रश्न तुमच्या डोक्यात असणारच. उत्तर तुम्ही कुठल्या पायरीवर आहात त्यावर आहे.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एडविन डियाझ या क्लोजरने न्यूयॉर्क मेट्सशी पाच वर्षांचा १०२ दशलक्ष डॉलरचा करार केला. कुठल्याही रिलीव्हरला एवढे पैसे तोवर मिळाले नव्हते. (चारच महिन्यांनी, वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमधला सामना जिंकल्यावर आनंदाने उड्या मारताना त्याचा गुडघा गेला आणि अख्खा हंगाम बुडाला. रिलीव्हरचं नशीब असंही असतं.) मेजर लीगमधल्या सगळ्यात साध्या खेळाडूलाही २०२५ मध्ये वर्षाला किमान ७ लाख ६० हजार डॉलर होते.

आणि रिंकू जिथे होता त्या सिंगल-ए पातळीवर? २०२३ पर्यंत वर्षाचा किमान पगार होता ११ हजार डॉलर. रूकी लीगमध्ये ४ हजार ८००. मायनर लीगचे खेळाडू २०२२ मध्ये युनियनमध्ये आले आणि पुढच्या वर्षीच्या करारात हे आकडे २६ हजार २०० आणि १९ हजार ८०० झाले. म्हणजे रिंकूच्या काळात पोरं एका फ्लॅटमध्ये सहा-सहा जण राहायची आणि हंगाम संपला की दुकानात, गोदामात कामं शोधायची, त्यात नवल नव्हतं.

मधल्या पायरीवरच्या रिलीव्हरचे हाल वेगळे. मेजर लीगमध्ये कोणी जखमी झाला की ट्रिपल-एमधून याला बोलावतात, दोन दिवस वापरतात, हात थकला की परत खाली पाठवतात आणि ताज्या हाताचा दुसरा आणतात. आज वर, उद्या खाली, एसटीचा पास काढल्यासारखं. हे इतकं वाढलं की २०२२ पासून एका हंगामात एका खेळाडूला पाचपेक्षा जास्त वेळा असं खाली पाठवता येत नाही, असा नियम करावा लागला.

डावखुऱ्यांची एक खिडकी बंद झाली

रिंकू डावखुरा होता, हे वर लिहिलंय. बेसबॉलमध्ये डावखुऱ्या रिलीव्हरला कित्येक वर्षं एक खास जागा होती. डावखुऱ्या बॅटरला डावखुऱ्या पिचरचा बॉल खेळायला जड जातो, म्हणून मॅनेजर फक्त त्या एका बॅटरसाठी डावखुरा आणायचे. एक बॅटर, तीन-चार बॉल, घरी.

जेसी ओरोस्कोने या कामावर म्हातारपण काढलं. १९८६ च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा आउट त्याने काढला होता, मेट्सकडून, क्लोजर म्हणून. पुढे वेग गेला, पण डावा हात शिल्लक होता. एकेका बॅटरसाठी येत येत तो २००३ पर्यंत, वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळत राहिला. त्याच्या १२५२ सामन्यांचा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही, आणि यापुढे मोडणं कठीण दिसतं. कारण २०२० पासून नियम आला की पिचरला किमान तीन बॅटरना तरी सामोरं जावं लागेल, किंवा ती पाळी संपवावी लागेल. सामने लांबतात म्हणून केलेला नियम. एका बॅटरपुरता ठेवलेला डावखुरा त्याने जवळपास संपला.

आणि शिडीही छोटी झाली. कोविडमुळे २०२० चा मायनर लीग हंगामच झाला नाही आणि २०२१ मध्ये मेजर लीगने मायनर लीगची फेररचना केली. सुमारे १६० टीम होत्या त्या १२० वर आणल्या. पूर्वी ४० फेऱ्यांचा असलेला ड्राफ्ट २० फेऱ्यांचा केला. उशिरा शिकणाऱ्या, कच्च्या पण जोरात फेकणाऱ्या पोरांना जिथे दोन-चार वर्षं सांभाळून घेतलं जायचं, त्या खालच्याच जागा कमी झाल्या.

तोवर मुंबईच्या नावाची एक बेसबॉल टीम निघाली आहे, मुंबई कोब्राज. ती खेळते मात्र दुबईत, बेसबॉल युनायटेड नावाच्या लीगमध्ये, आणि त्या लीगमध्ये पैसे घालणाऱ्यांत मारियानो रिव्हेराही आहे. आपल्याकडे शालेय स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत, त्यामुळे ग्लोव्ह घालून सराव करणारी पोरं तुम्हाला संभाजीनगरातही दिसतील.

रिंकू ज्या पायऱ्या चढला त्यांचं काय झालं ते शोधलं, तर गल्फ कोस्ट लीगचं नाव २०२१ मध्ये बदलून फ्लोरिडा कॉम्प्लेक्स लीग झालं. स्टेट कॉलेज स्पाइक्स मेजर लीगच्या शिडीवरून बाहेर पडली आणि आता ड्राफ्टच्या आशेवर असलेल्या कॉलेजच्या पोरांच्या लीगमध्ये खेळते. वेस्ट व्हर्जिनिया पॉवरही त्याच फेररचनेत बाहेर गेली. ती आता स्वतंत्र लीगमध्ये आहे आणि तिचं नाव झालंय चार्ल्सटन डर्टी बर्ड्स.